पहिल्या तासापासूनचं तांबं

३ सप्टेंबर

दादा,

पाकिटात एक काळी पट्टी आहे, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब. ग्राफाइटची आहे. तिच्यावर जो लालसर थर दिसतो ते तांबं. पत्र वाचायचं नसेल तर नको वाचूस, पण पट्टी फेकू नकोस. उजेडात धर, उलटसुलट बघ, आणि मला एवढंच कळव की हे तांबं तिच्यावर कधी बसलं असेल.

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र यावं आणि त्यातही तिने काम काढावं, हे तुला खटकेल. खटकू दे. फोन केला तर वहिनी उचलते आणि "ते टाकीवर आहेत" म्हणते. दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरलीस तेव्हापासून तू टाकीवरून खाली उतरलेलाच दिसत नाहीस. म्हणून पत्र.

माझं काम तुला तुझ्याच धंद्याच्या भाषेत सांगते. तू टाकीत वीज सोडतोस आणि पत्र्यावर तांबं चढवतोस. मी टाकीत वीज सोडते आणि तांबं कुठेही चढू नये म्हणून जिवाचं रान करते. आमच्या सेलमध्ये मधोमध एक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला ॲसिडमध्ये विरघळवलेलं तांब्याचं क्लोराइड, दुसऱ्या बाजूला नुसतं ॲसिड. वीज दिली की पहिल्या बाजूचं फिक्कट द्रावण गर्द हिरवं होत जातं आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ते हिरवं झालेलं क्लोराइड वाफेवर आणि मग भट्टीत तापवलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं. तेच तांबं फिरत राहतं, संपतं ते फक्त पाणी. अट एकच. तांब्याने पडदा ओलांडायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर साधं पाणी विजेने फोडायला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात आणि आमच्या सेलचं पाऊण व्होल्टच्या आत भागतं. बाकीचं काम उष्णता करते. वीज आणि उष्णता दोन्ही धरली तर आमची कार्यक्षमता बेचाळीस टक्के येते. म्हणजे आत घातलेल्या ऊर्जेच्या शंभर भागांतले बेचाळीस हायड्रोजनमध्ये उतरतात. त्याच उष्णतेची आधी वीज करून तिने पाणी फोडलं तर तीससुद्धा हाती लागत नाहीत. हा बेचाळीसचा आकडा माझा आहे, माझ्या नावाने छापून आला आहे. पुढच्या महिन्यात समिती येते आहे. मोठं संयंत्र उभारायचं की नाही हे ती या आकड्यावरून ठरवणार.

आता पट्टीबद्दल. सेल साठ तास चालवला. शेवटच्या दहा तासांत पंप अडखळला, व्होल्ट चढत गेले, म्हणून उघडून पाहिला तर हायड्रोजनच्या बाजूला हे तांबं. माझं मत स्पष्ट आहे. पंप बिघडला तेव्हाच ते पडदा ओलांडून आलं, आधीचे पन्नास तास स्वच्छ होते. आमच्याकडे गॅस मोजायला एक तिशीची बाई आहे, तिला सगळे मोजणीवाली म्हणतात. तिचं मत वेगळं आहे. ती दिवसभर माझ्याशी वाद घालत नाही, नुसती वही पुढे ठेवते, आणि ते जास्त त्रासाचं असतं. तिच्यापुढे ठेवायला मला एका जाणकाराचा शब्द हवा आहे.

तांब्याची तुझ्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. ही खुशामत समजू नकोस, माहिती समज.

धाकटी


११ सप्टेंबर

दादा,

पट्टी परत मिळाली. सोबतच्या पाठकोऱ्या कागदावरचं अक्षर वहिनीचं आहे आणि बोलणं तुझं. तिने तू सांगितलंस तसं शब्दन्‌शब्द उतरवलंय हे कळतं, कारण ती स्वतः पत्र लिहिते तेव्हा निदान "कशी आहेस" तरी विचारते.

"खालचा थर घट्ट आहे, गुलाबी आहे, ब्लेडने सालीसारखा निघतो. वरचा भुरभुरीत, बोटाला लागतो. भुरभुरीत थर घाईत बसतो, घट्ट थर निवांत बसतो. खालचाच जास्त जाड आहे. पहिल्या तासापासून बसत होता. तुमच्या टाकीचं धुतलेलं पाणी कुठे सोडता?"

शेवटचं वाक्य टोमणा आहे हे कळायला मला डॉक्टरेट लागत नाही. तुझ्या कारखान्यात इन्स्पेक्टर आले होते तेव्हा ज्या ठामपणे मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं, त्याच ठामपणे उत्तर लिहायला बसले. "आमच्याकडे सगळं नियमाप्रमाणे होतं" एवढं लिहिलं आणि थांबले. मला माहीतच नव्हतं. वीस वर्षं या इमारतीत काढली आणि सेल धुतलेलं पाणी बेसिनमधून पुढे कुठे जातं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

खाली गेले. सफाईचं बघणाऱ्या मावशींनी मला जिन्यामागच्या खोलीत नेलं. तिथे तीन निळी पिंपं आहेत. पाण्यात चुना घालून तांबं खाली बसवतात, वरचं पाणी तपासून सोडतात आणि गाळ गाडी येऊन घेऊन जाते. पद्धत चांगली आहे. फक्त तिसरं पिंप काठोकाठ भरलं होतं आणि त्यावर "गाडी बोलवावी" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीवर नाव माझं होतं.

"कधीपासून आहे ही?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. तुम्ही वरून खाली येत नाही, मॅडम. म्हटलं, कधी आलात तर वाचाल."

दुपारी गाडी येऊन गेली. तुझ्या टोमण्याचा उपयोग झाला, एवढं कबूल.

थराबद्दल मात्र तुला मानायला मी तयार नाही. पहिले पन्नास तास व्होल्टची रेघ आखून काढल्यासारखी सरळ होती. तांबं चढत असतं तर ती हलली असती. तुझ्या टाकीतलं तांबं आणि आमच्या सेलमधलं तांबं यांत फरक आहे. उद्या ताजी पट्टी घालून फक्त एक तास सेल चालवते. काही निघायचं नाही. तसं तुला कळवते, म्हणजे विषय मिटेल.

वहिनीला सांग, मी बरी आहे. तिने विचारलं नाही तरी.

धाकटी


१९ सप्टेंबर

दादा,

एक तास चालवला. सेल थंड होऊ दिला, बोल्ट सोडवले, पट्टी बाहेर काढली. मोजणीवाली शेजारीच उभी होती. पट्टी काळी दिसली आणि मी जिंकल्यासारखं तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या हातातून पट्टी घेतली, पाण्याने धुतली, पुसली आणि खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. आरशावर फुंकर घातल्यावर जेवढी झाक येते तेवढीच होती. पण होती, आणि गुलाबी होती.

तिने पट्टी टेबलावर ठेवली. मग ती म्हणाली, "बोल्ट मी लावते, तुम्ही बसा." मी बसले.

आता मागच्या दोन्ही पत्रांत जे गाळलं ते सांगते. सेलमध्ये जेवढी वीज जाते तिच्यावरून किती हायड्रोजन यायला हवा हे गणिताने काढता येतं. तो शंभर मापं यायला हवा असेल, तर मोजणीवालीच्या भांड्यात ब्याण्णवच येत होता. ही गोष्ट तिने मला वर्षापूर्वी सांगितली होती.

"मॅडम, ब्याण्णवच भरतात."

"नळीला गळती असेल. बघ एकदा."

"तीनदा बघितली. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही."

"मग चौथ्यांदा बघ."

ती चौथ्यांदा बघायला गेली आणि मी छापायच्या लेखात शंभर धरले. खोटं लिहिते आहे असं तेव्हा मनातही आलं नाही, यावर विश्वास ठेव. गणित माझ्या बाजूने होतं आणि भांडं एका नवख्या बाईच्या बाजूने. त्या दोघांत मी गणित निवडलं. आठ मापांची वीज कुठे जात होती? पडद्यातून झिरपलेलं तांबं हायड्रोजनच्या बाजूला येत होतं आणि वीज त्याचाच मुलामा चढवत होती. मुलामा देणाऱ्याच्या बहिणीला हे समजलं नाही. व्होल्टची रेघ सरळ होती, कारण पातळ घट्ट थराने पट्टीला काही अडत नाही. थर भुरभुरीत व्हायला लागला तेव्हा रेघ चढली. तुझा कागद शेजारी ठेवूनच हे लिहिते आहे.

पुन्हा सगळं मांडलं. गॅस भांड्यात मोजलेला धरला, व्होल्ट साठ तासांचे सरासरी धरले, द्रावण गरम ठेवायची उष्णता धरली, जी मी आधी अर्धीच धरली होती. आकडा छत्तीस येतो.

तू बरोबर होतास. हे वाक्य मी तुझ्यासाठी प्रथमच लिहिते आहे असं वाटतं, म्हणून वेगळ्या ओळीत टाकायचा मोह होतोय, पण राहू दे.

धाकटी


३० सप्टेंबर

दादा,

समिती दहा तारखेला येते आहे. छत्तीसचं मी आमच्या संचालकांना सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी दार लावलं, चष्मा काढला, आणि मला एक शब्द सुचवला.

"'बेचाळीसपर्यंत' म्हणा. 'बेचाळीस' म्हणू नका, 'बेचाळीसपर्यंत' म्हणा. खोटं नाही. पहिल्या काही मिनिटांत तेवढी असेलच की."

"आणि संयंत्र काही मिनिटंच चालवायचंय का?" मी विचारलं.

"तुम्ही चांगल्या शास्त्रज्ञ आहात. पण या इमारतीत चाळीस माणसं काम करतात हेही लक्षात ठेवा."

मी आठवडाभर लक्षात ठेवलं. जेवताना, चालताना, दात घासताना ठेवलं. तेव्हा तुझी आठवण येत होती, आणि ती कशाची ते आता लिहून टाकते. हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता फाडणार नाही.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी सुट्टीवर घरी आले होते. सकाळी तू एका गिऱ्हाइकाला हसत हसत म्हणालास, "आमची धाकटी काचेच्या नळ्यांत खेळते, पगार मिळतो म्हणून तिला नोकरी म्हणायचं." गिऱ्हाईक हसलं, तूही हसलास. मी आत जाऊन कपडे घड्या करत बसले आणि एकाच टॉवेलची चार वेळा घडी घातली. दुपारी इन्स्पेक्टर आले. धुतलेलं पाणी कुठे जातं असं त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालास, सांडपाण्याच्या टाकीत जातं. आणि मी दारातून म्हणाले, "मागच्या भिंतीखाली बाहेरच्या गटारात जाणारा नळ आहे, तो बघा."

खरं बोलले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खरंच होतं. पण सकाळी तू तसं हसला नसतास, तर मी बोलले असते का? मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. माझा जबाब घेतला तेव्हा "पाणी तिथे कोण सोडत असे" या प्रश्नापुढे मी "माझा भाऊ" असं लिहून सही केली. कॉलेजला असताना पाच वर्षं, रोज संध्याकाळी, धुतलेल्या पाण्याच्या बादल्या त्या नळात मी ओतत होते. माझ्या हातांना दिवसभर तांब्याचा वास यायचा. ते मी लिहिलं नाही. कारखान्याला टाळं तुझ्या नावाने लागलं.

दहा तारखेला काय करायचं ते माझं ठरलं आहे. सल्ला मागत नाही. समितीपुढे उभी राहण्याआधी तुला हे कळलेलं असावं, एवढंच हवं होतं.

धाकटी


१४ ऑक्टोबर

दादा,

समितीत पाच जण होते. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी आयुष्यभर वीजकेंद्रं बांधली आहेत, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणी न हलवता ऐकायची त्यांना सवय आहे.

मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझा छापलेला आकडा चुकीचा आहे, खरा आकडा छत्तीस आहे, आणि चूक माझ्या एका सहकारिणीने वर्षापूर्वी दाखवून दिली होती, मी ती ऐकली नाही. मग मोजणीवालीला फळ्यापाशी बोलावलं. तिला मी आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर ती आलीच नसती. पहिली दोन मिनिटं ती फळ्याकडे तोंड करून नुसते आकडे लिहीत होती. मग ती भांड्याबद्दल बोलायला लागली आणि आमच्याकडे वळली. तिच्या वहीत एक वर्षाचे सगळे ब्याण्णव, एक्क्याण्णव, त्र्याण्णव लिहिलेले आहेत, प्रत्येकापुढे तारीख, तापमान आणि हवेचा दाब. मी तिला चौथ्यांदा बघायला पाठवलं होतं, ती दोनशे वेळा बघून आली होती.

बाईंनी मला विचारलं, "बेचाळीसवर आम्ही बांधलं असतं तर काय झालं असतं?"

"तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्या पट्ट्या तांब्याने भरून गेल्या असत्या. पाचव्या महिन्यात तुम्ही ते बंद केलं असतं, आणि मग तांब्याच्या क्लोराइडचं नाव वीस वर्षं कुणी काढलं नसतं."

"आणि छत्तीसवर बांधावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"आज नाही. आधी पडदा सुधारू द्या. पण छत्तीस हा हरलेला आकडा समजू नका. त्याच उष्णतेतून वीज करून पाणी फोडाल तर तीसच्या खाली राहाल. हा आकडा वाईटात वाईट धरून काढलाय. इथून तो वरच जाईल."

हे मी घाबरत म्हटलं नाही, दादा. बेचाळीस म्हणताना मला कायम जरा मोठ्याने बोलावं लागायचं. छत्तीस हळू आवाजातही सांगता आला.

मोठं संयंत्र लांबणीवर पडलं. सेलला आणखी एक वर्ष दिलंय आणि त्या खोलीचं प्रमुखपद माझ्याकडून काढलंय. दोन्ही गोष्टी मला योग्य वाटल्या, दुसरी दोन दिवसांनी वाटली. प्रमुख आता मोजणीवाली. छापलेला लेख मागे घेतला, चूक कुणाची हे नाव घालून लिहिलं. संचालक दोन दिवस बोलले नाहीत. काल जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चाळीसच्या चाळीस माणसं आहेत अजून." तेवढ्यावर आमचं मिटलं असं मी समजते.

समितीपुढून परत आले तेव्हा टेबलावर तुझं पत्र होतं. या वेळी अक्षर तुझं. अजूनही "ळ" उलटा काढतोस.

"बादल्या तू ओतायचीस हे मला माहीत नसेल का? बादली तुझ्या हातात मीच द्यायचो. त्याचा राग नव्हता. नळ वाईट आहे हे तुला शिकून कळलं होतं. मला कोण सांगणार होतं? पाच वर्षं बादल्या ओतल्यास, पुढे इतकी वर्षं सुट्टीला येत राहिलीस, एकदा तरी म्हणालीस का, दादा, हे बरं नाही? इन्स्पेक्टरला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. राग त्याचा आहे."

नाही म्हणाले. एकदाही नाही. मला वाटायचं तू ऐकणार नाहीस, आणि तू ऐकतोस की नाही हे मी कधी बघितलंच नाही. तुला दुसऱ्याच्या टाकीवर उभं राहावं लागलं ते माझ्या या गप्प बसण्याने. इन्स्पेक्टर फार उशिरा आले. मला याची लाज वाटते. माफी या शब्दाने ती कमी होत नाही, तरी मागते.

तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद, नको तो धातू पकडणाऱ्या खोट्या पत्र्याचा, मी मोजणीवालीला वाचून दाखवला. तिने तो तीन वेळा वाचायला लावला आणि म्हणाली, "हे तुमचे भाऊ इथे का नाहीत?"

धाकटी


२६ नोव्हेंबर

दादा,

खोटा पत्रा चालला.

तू लिहिलं होतंस तसाच केला. टाकीत नको असलेला धातू शिरला की तुम्ही एक नालीदार पत्रा टाकून अगदी कमी वीज देता, म्हणजे तो धातू आधी त्या पत्र्यावर जाऊन बसतो आणि खरं काम स्वच्छ राहतं. आम्ही हायड्रोजनच्या बाजूचं ॲसिड बाहेर काढून एका छोट्या कुपीतून फिरवलं आणि कुपीत तुझा पत्रा लावला. पडद्यातून येणारं सगळं तांबं तो पकडत नाही. काही थेट पट्टीवर जातंच, ते पडदाच बदलल्याशिवाय थांबायचं नाही. पण साठ तासांनी सेल उघडला तेव्हा वरचा भुरभुरीत थर नव्हता. भांड्यात पंच्याण्णव भरले. पत्र्याला लागलेली वीज वजा करून सगळं मिळून अडतीस. मोजणीवालीने तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि मगच मला सांगितलं.

मग तिने नवा प्रश्न काढला. पत्र्याच्या नाल्या किती खोल असाव्यात? पुस्तकात नाही. मला माहीत नाही. ती म्हणते, ज्याला माहीत आहे त्याला बोलवा. म्हणून हे निमंत्रण तिचं आहे, माझं नाही. गुरुवारी ये. तुझ्या मालकांना तिने संस्थेच्या कागदावर रीतसर पत्र पाठवलंय, दोन दिवसांची रजा मिळेल. बंद बूट घालून ये, चपला असतील तर खोलीत घेणार नाहीत. वहिनीला यायचं असेल तर घेऊन ये. तिचा मुक्काम माझ्याकडे, तुझा जिथे तुला बरं वाटेल तिथे.

फाटकावर तुझ्या नावाचा पास ठेवलाय. "कोणाला भेटायचं" या रकान्यात मोजणीवालीचं नाव आहे, कारण खोली तिची आणि पाहुणाही तिचा. "हुद्दा" या रकान्यात काय लिहायचं असं फाटकावरच्या माणसाने विचारलं. मी म्हटलं, मुलामा तज्ज्ञ. त्याने विचारलं, असा हुद्दा असतो का? मी म्हटलं, आजपासून असतो.

तिची खोली पहिल्या मजल्यावर, डाव्या हाताची तिसरी. माझी आता त्याच बोळाच्या टोकाला आहे, लहान आहे, पण उजेड चांगला येतो. मला भेटायलाच हवं असं काही नाही. काम संपवून परस्पर गेलास तरी मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन.

फक्त एक सांगून ठेवते. ॲसिडच्या खोलीत चहा प्यायला बंदी आहे. त्या मजल्यावर किटली एकच आहे आणि ती माझ्या खोलीत आहे.

तुझी धाकटी